अंगणातला जुना संडासाचा खड्डा: बाटल्या मिळतील, पण मशीन आणू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. ओहायोतल्या एका लहान गावात तुम्ही १८८०च्या दशकातलं लाकडी घर घेतलंय. मागच्या कोपऱ्यात, गल्लीकडच्या कुंपणापाशी, जमीन बशीसारखी खचलेली आहे. तिथे गुलाब लावताना मुलाच्या फावड्याला एक निळी बाटली लागली. शेजारचे आजोबा म्हणाले की पूर्वी तिथे संडास होता आणि अशा खड्ड्यांत जुन्या बाटल्या सापडतात. आता तुमचे मिस्टर म्हणतायत की एक दिवस छोटा एक्सकॅव्हेटर, म्हणजे खोदायचं मशीन, भाड्याने आणू आणि सगळं उपसून टाकू. तुम्ही विचारलंय: बाटल्या खरंच असतील का, त्यांना किंमत असते का, आणि हे सगळं घाण तर नाही ना?

मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि गेली सतरा वर्षं सुट्टीच्या दिवशी हेच करतो. त्या अनुभवावरून सांगतो. बाटल्या बहुतेक आहेत. किंमत बहुतेकींना फारशी नसते. घाणीचं पुढे बोलू. पण मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते मशीन. ते अंगणात आलं की खड्ड्यातलं जे खरोखर मोलाचं आहे ते तासाभरात जातं, आणि कुणाला इजा होण्याची शक्यता वाढते. म्हणून उत्तर तिथूनच देतो.

आधी हे समजून घ्या की बाटल्या संडासात गेल्याच कशा. त्या काळात लहान गावांत कचऱ्याची गाडी येत नसे. उष्टंखरकटं डुकरांना जाई, जळेल ते चुलीत जाई. काच, फुटकी चिनी माती आणि शेगडीतली राख कुठे टाकायची? घरामागे तयार खड्डा होताच. शिवाय घरच्यांपासून लपवून प्यायलेल्या दारूची बाटली टाकायला त्याहून खासगी जागा नव्हती. पुढे गावात सांडपाण्याचे नळ आले, संडास घरात आला, आणि उरलेला खड्डा बुजवायला घरातली सगळी अडगळ त्यात ओतली गेली. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांत असे साठे का मिळत नाहीत, असं मला पुण्याचे नातेवाईक विचारतात. तिथे टोपलीचे संडास होते. मैला रोज माणसांना डोक्यावरून वाहून न्यावा लागे, जमिनीत काही साठतच नसे. इथेही शहरांतले खड्डे उपसायला रात्री गाड्या घेऊन कामगार येत. त्यांच्या कामाच्या खुणा आम्हाला दिसतात: मधला भाग स्वच्छ उपसलेला आणि तळाच्या कडेकोपऱ्यांत जुना थर तसाच राहिलेला. सगळ्यात जुनी बाटली पुष्कळदा तिथेच सापडते.

तुमचा खड्डा कसा निघेल हे काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या इथे बसून मला ठरवता येणार नाहीत. त्याला आतून विटा आहेत, दगड आहेत की लाकडी फळ्या? फिलाडेल्फियासारख्या शहरात विटांचे गोल खड्डे वीस फुटांहूनही खोल जातात. लहान गावातला फळ्यांचा चौकोनी खड्डा बहुधा चार ते सहा फुटांत संपतो. तो कधी उपसला होता का? तुमच्या आधी कुणी खणून गेलंय का? एक खड्डा भरला की शेजारी दुसरा खणत, त्यामुळे एकाच परसात दोन-तीनही असू शकतात. शेजारच्या आजोबांना आठवतोय तो कदाचित शेवटचा असेल.

जागा पक्की करायला आधी नकाशे बघा. सॅनबॉर्न कंपनीने आगीच्या विम्यासाठी १८६७ पासून अमेरिकेतल्या गावांचे तपशीलवार नकाशे काढले, एका इंचाला पन्नास फूट या मापाने. लाकडी इमारत पिवळी, विटांची गुलाबी. लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते मोठ्या संख्येने इंटरनेटवर फुकट ठेवले आहेत. तुमच्या गावाचे वेगवेगळ्या सालांचे नकाशे मिळाले तर परसाच्या मागच्या हद्दीवरचा एखादा बारीक चौकोन एका सालात दिसतो आणि पुढच्या सालात नाहीसा होतो. संडास प्रत्येक वेळी काढलेला असेलच असं नाही, पण घराची, गोठ्याची आणि गल्लीची जागा कळली तरी अर्धं काम झालं.

मग सळई, म्हणजे जमिनीत टोचून खाली काय आहे ते चाचपायची दांडी. जमिनीला काहीही टोचण्याआधी ८११ ला फोन करा. गॅस, वीज, पाणी यांच्या वाहिन्या कुठून जातात याच्या खुणा ते येऊन रंगाने करून जातात. सेवा मोफत आहे, फक्त काही कामाचे दिवस आधी सांगावं लागतं. आमची सळई पाच फुटांची, स्प्रिंगच्या पोलादाची, वर आडवी मूठ आणि टोकाला सळईपेक्षा किंचित जाड गोळी. गोळीमुळे भोक थोडं मोठं पडतं आणि दांडी मातीत अडकत नाही, म्हणून टोकाला काय लागतंय ते तळहाताला नीट कळतं. न हललेल्या चिकणमातीत सळई एकसारखी जड जाते. खड्ड्यावर आलात की ती एकदम सैल होते, आणि मग राखेचा करकर आवाज मुठीपर्यंत येतो. विटेला लागली तर खरखरते, काचेला लागली तर बारीक टिक होतं. टिक ऐकू आलं की हात थांबवायचा, जोर लावायचा नाही. बाहेर काढल्यावर टोकाला करडी किंवा काळी माती चिकटलेली असेल तर जागा बरोबर आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. सळई अचानक पोकळीत गेली, खाली काहीच लागलं नाही, तर मागे सरा, मुलाला लांब करा आणि त्या जागेवर पुन्हा पाय ठेवू नका. तो संडास नसून जुनी विहीर किंवा पावसाच्या पाण्याची टाकी असू शकते, आणि वरच्या फळ्या शंभर वर्षांत कुजलेल्या असतात. तिथे अनुभवी माणूस बोलवायचा.

आता थरांकडे येतो, कारण मशीनला माझा विरोध का, ते इथेच कळेल. खड्डा वरून खाली वाचायचा असतो. वरचा फूट-दोन फूट बुजवणीची माती, विटांचे तुकडे, गंजके डबे. त्याखाली राख. राखेत आणि तिच्या खाली कचऱ्याचा भरणा, मधूनमधून चुन्याचे पांढरे पट्टे, कारण वास मारायला चुना टाकत. आणि तळाशी वापराचा थर: गर्द तपकिरी, लोण्यासारखी मऊ माती, आणि तिच्यात बिया. टोमॅटोच्या, द्राक्षाच्या, रासबेरीच्या, मुठी-मुठीने. त्या माणसांच्या पोटातून आलेल्या असतात. बिया दिसायला लागल्या की आम्ही फावडं ठेवतो आणि खुरपं घेतो.

पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगजवळच्या एका गावात असाच एक खड्डा खणत होतो. बियांच्या थरात एका वितीच्या आत चार बाटल्या निघाल्या, सगळ्या सारख्या. बोटभर जाडीच्या, उभट, फिकट निळसर हिरव्या काचेच्या, आणि अंगावर उठावाच्या अक्षरांत उभं लिहिलेलं: मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप. बाळांना दात येताना द्यायचं औषध. त्यात मॉर्फिन असे, आणि १९०६च्या अन्न-औषध कायद्याने लेबलावर ते छापायला लावेपर्यंत आयांना ते ठाऊक नसे. चौथ्या बाटलीला लागूनच चिनी मातीच्या बाहुलीचा हात होता, करंगळीच्या पेरापेक्षा लहान, बोटं नीट कोरलेली. त्या थराच्या वर तीच बाटली पुन्हा एकदाही निघाली नाही. ते बाळ मोठं झालं असेल, किंवा नसेलही. मी वर येऊन बराच वेळ नुसता बसून राहिलो. या चारही बाटल्या बाजारात सहज मिळतात, किंमत किरकोळ. पण त्या एकत्र होत्या, बाहुलीजवळ होत्या आणि वरच्या थरात नव्हत्या, हे मला कळलं कारण माती हाताने, थराथराने काढली. मशीनने तिथे एक ढीग केला असता आणि त्यात काचेचे तुकडे मिळाले असते.

साल ठरवायलाही थरच उपयोगी पडतात. बाटली हातात घेतली की आधी बाजूची शिवण बघा, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ. ती तोंडाच्या अगदी कडेवरून पलीकडे जात असेल तर बाटली यंत्राची, विसाव्या शतकातली. ते स्वयंचलित यंत्र मायकेल ओवेन्स यांनी तुमच्याच ओहायोत, टोलीडोला, १९०३च्या सुमारास चालू केलं. शिवण गळ्यावरच थांबत असेल तर तोंड हाताने केलेलं, सर्वसाधारणपणे १९१० च्या आधीचं. तळाला खडबडीत गोल व्रण असेल, बाटली करताना कारागिराने ती लोखंडी दांडीवर धरल्याची खूण, तर ती साधारण १८६० किंवा त्याआधीची. तुमचं घर १८८०च्या दशकातलं, म्हणून असा व्रण दिसला तर नकाशे पुन्हा बघा, तिथे आधी दुसरं घर असण्याची शक्यता आहे. फळांच्या बरणीवर ‘पेटंट ३० नोव्हेंबर १८५८’ असं वाचून बरेच जण हरखून जातात. ती जॉन मेसन यांच्या पेटंटची तारीख आहे, आणि पुढे कित्येक दशकं बरण्यांवर तीच उमटत राहिली.

मराठी मंडळी मला हमखास विचारतात की गोटी सोड्याची बाटली निघते का. ती इंग्लंडच्या हायरम कॉड यांची १८७२ ची कल्पना, इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि टिकली. अमेरिकेत ती फारच क्वचित दिसते. इथे सोड्याला १८७९ च्या पेटंटचं हचिन्सन बूच होतं, तारेच्या कडीला रबराची चकती. अशी बाटली निघाली आणि तिच्यावर तुमच्या गावाचं नाव उठावात असलं तर जपून ठेवा. गावाचं नाव असलेल्या सोड्याच्या आणि औषधांच्या दुकानांच्या बाटल्यांना त्या गावात खरी मागणी असते. बाकी अक्षरं नसलेल्या साध्या बाटल्या दोन-चार डॉलरला जातात, पुष्कळशा त्याही किमतीला जात नाहीत. खोदकामाचा खर्च यातून निघेल अशा हिशेबाने हे करू नका.

धोक्याबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. या छंदातला सगळ्यात मोठा धोका माती ढासळण्याचा. तिसऱ्या वर्षी मी एका खड्ड्याचा अर्धाच भाग खाली नेला आणि उरलेल्या अर्ध्या भरावाची भिंत उभी ठेवली. सहा फुटांवर ती भिंत आवाज न करता पायांवर बसली. माती मांडीपर्यंतच होती, तरी मला पाय तसूभर हलवता येईना. वर मित्र होता म्हणून बाहेर आलो, त्याला वीस मिनिटं लागली. तीन फूट लांब, तीन रुंद, तीन खोल एवढ्या मातीचं वजन ३००० पौंडांपर्यंत, म्हणजे एका मोटारीएवढं असू शकतं. छातीपर्यंत आली तर श्वास घेता येत नाही.

तेव्हापासूनचे माझे नियम असे. खड्डा पूर्ण रुंदीने खाली न्यायचा, म्हणजे कडेला न हललेली घट्ट माती उरते आणि सैल भराव उभा राहत नाही. बाजूला बोगदा करायचा नाही, आत कितीही छान तळ दिसत असला तरी. उपसलेली माती काठापासून निदान दोन फूट लांब. चार फुटांनंतर शिडी आत. इथल्या सरकारी सुरक्षा नियमांत कामगारांसाठी पाच फुटांपासून भिंतींना आधार द्यावा लागतो. घरच्या अंगणात तपासायला कुणी येत नाही, पण माती दोन्हीकडे सारखीच ढासळते, म्हणून मी तोच आकडा पाळतो. वर कायम एक मोठा माणूस, जो फोनवर बोलत बसणार नाही. खाली असणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट, कारण बादली दोरीने वर जाते. पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस सुट्टी. आता सांगा, काठाशी काही टनांचं मशीन उभं केलं तर या भिंतींचं काय होईल?

तुम्ही नवीन आहात, म्हणून तुम्हाला मी चार फुटांची हद्द घालीन. तेवढ्यात तळ लागला तर उत्तमच. नाही लागला तर खड्डा फळीने झाका आणि जवळच्या बाटली-संग्राहकांच्या क्लबला कळवा. फेडरेशन ऑफ हिस्टॉरिकल बॉटल कलेक्टर्सकडून पत्ता मिळेल. अनुभवी मंडळी आधाराच्या फळ्या घेऊन येतात, आणि निघेल ते घरमालकाबरोबर निम्मं-निम्मं वाटून घेण्याचा रिवाज आहे. वाटणी आधी कागदावर लिहून घ्या.

आता घाण. शंभर-सव्वाशे वर्षांत मैल्याची माती झालेली असते. वास येतो तो बंद तळघरासारखा. तरी काळजी घ्यायची, कारण राखेत आणि जुन्या रंगाच्या खपल्यांत शिसं असतं आणि काचेने हात कापतो. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असावं, हातमोजे जाड असावेत, कोरडी राख उडत असेल तर मास्क. बूच शाबूत असलेली, आत काही हलत असलेली बाटली उघडायची नाही आणि हुंगायची तर मुळीच नाही. निळ्या किंवा हिरव्या काचेवर उभे कंगोरे असतील तर ती बहुधा विषाची. अंधारात चाचपडणाऱ्या हाताला कळावं म्हणून तसे कंगोरे करत. माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिने बाहेरच्या नळावर हातपाय धुऊन, कपडे बदलून, आंघोळ केल्याशिवाय मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. तिच्या मनात विटाळ असेल, माझ्या मनात शिसं आहे, पण तो नियम आमच्या घरात कायम झाला. तुमच्या मुलाला खड्ड्यात उतरवू नका. त्याला वर पाव इंची जाळीची चाळण द्या. बटणं, गोट्या, मातीच्या चिलमींचे तुकडे, दात घासायचे हाडाचे ब्रश हे सगळं चाळणीतच सापडतं, आणि ते शोधायला मुलांचे डोळे आपल्यापेक्षा बरे.

कायद्याचं म्हणाल तर स्वतःची खासगी जागा ही तुमची मोठी सोय आहे. सरकारी जमिनीवर, उद्यानात, ऐतिहासिक स्थळी असं काहीही करायचं नाही. केंद्राच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरावशेषांना १९७९ च्या कायद्याचं संरक्षण आहे. भारतातून वाचणाऱ्यांनी १८७८ चा निखात निधी कायदा लक्षात ठेवावा: जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही गाडलेलं सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना आमचा छंद आवडत नाही, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. वस्तू थरातून निघाली की तिची निम्मी हकीकत पुसली जाते. म्हणून मी प्रत्येक थराचा फोटो काढतो, टेपने खोली मोजतो, वहीत लिहितो, आणि त्याची प्रत गावच्या इतिहास मंडळाला देतो. तुम्हीही एवढं करा. हाडं निघाली आणि ती जनावरांची आहेत याची खात्री नसेल तर तिथेच थांबून पोलिसांना फोन करा.

तुमच्या निळ्या बाटलीवर ‘एमर्सन ड्रग कंपनी, बाल्टिमोर’ असं लिहिलंय म्हणालात. ती ब्रोमो-सेल्टझर, डोकेदुखीवरची पावडर, १८८८ पासूनची. फार खपली, म्हणून फार सापडते. तिच्या शिवणीवरून नख फिरवा आणि ते तोंडाच्या कडेवर अडखळतं का बघा. अडखळलं तर यंत्राची, म्हणजे तुम्ही अजून शेवटच्या भरण्यातच आहात आणि जुने थर खाली शिल्लक आहेत. धुताना कोमट पाणीसुद्धा लगेच वापरू नका. जमिनीतून आलेली गार काच एक दिवस सावलीत ठेवा, मग साध्या पाण्यात भिजवा. काचेवर मोरपंखी झाक असेल तर ती घासू नका, मातीतल्या ओलाव्याने काचेचा वरचा पापुद्रा झिजून ती आलेली असते.

खड्डा बुजवायची तयारी खणण्याआधी करा. हिरवळीचे चौकोन कापून एका ताडपत्रीवर, वरची काळी माती दुसरीवर, बाकी भराव तिसरीवर. परत टाकताना दर फुटाला धुमसाने ठोकायचं, नाहीतर पुढच्या हिवाळ्यात पुन्हा बशी होते. त्या मातीत भाजी लावू नका, गुलाब चालतील. आणि तळाशी, माती टाकण्याआधी, काचेच्या बरणीत या वर्षाचं एक नाणं आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. पुढे कुणी सळई घेऊन आलं तर हा खड्डा आधीच कुणीतरी हाताने खणलाय, हे त्याला कळेल.